खडकावरची तपकिरी बटणं

गाडीतळावरच्या चौकशीच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना सगळे थांबाबाई म्हणत. कुणी काहीही विचारलं की त्यांचा पहिला शब्द ठरलेला असे, "थांबा." मग त्या आगाराला फोन लावत, फळ्यावर नजर टाकत, समोरून जाणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरला हाक मारत आणि मगच उत्तर देत. रांगेतली माणसं घड्याळं बघत, चुकचुकत. एखादा तर तोंडावर म्हणे, "बाई, तुम्हालाच माहीत नसेल तर आम्ही विचारायचं कुणाला?" त्यावर बाई शांतपणे म्हणत, "मलाच विचारायचं. म्हणून तर मी पुढे विचारतेय."

हा शांतपणा रांगेपुरताच. एरवी राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असे आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असे. माहीत नसताना छातीठोक सांगणारा माणूस त्यांना सहन होत नसे. चोर परवडला, त्या म्हणत, आपण काय करतोय ते त्याला निदान ठाऊक असतं.

शेजारच्या खुर्चीवर नव्याने आलेल्या कारकुनाने एकदा एका मुलीला धडाधड फलाट सांगून टाकला. ती बिचारी बॅग घेऊन तिथे बसून राहिली आणि तिची गाडी पलीकडच्या टोकावरून निघून गेली. गावी तिचे वडील शेवटच्या घटका मोजत होते. ती खिडकीशी येऊन रडायला लागली, तेव्हा बाईंनी कारकुनाकडे वळून विचारलं, "तुला नक्की माहीत होतं का?"

"नव्हतं. पण काहीतरी सांगायला नको का?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काहीतरी! एका मुलीची बापाशी शेवटची भेट या काहीतरीपायी हुकणार होती. त्यांनी खिडकी धाडकन बंद केली, आगारातली दुरुस्तीची जीप काढायला लावली, मुलीला आत बसवलं आणि पुढच्या थांब्यावर गाडी अडवून ठेवायला फोनवरून सांगितलं. साहेबांनी नंतर बोलावून घेतलं. जीप प्रवाशांसाठी नसते, म्हणाले. बाई म्हणाल्या, "थापाही प्रवाशांसाठी नसतात, साहेब." साहेबांनी विषय बदलला. त्या कारकुनाला मात्र पुढे कितीतरी दिवस बाईंनी चहाला विचारलं नाही.

बाईंचे यजमान फ्रिज दुरुस्त करत. अख्खी गल्ली त्यांना फ्रिजवाले म्हणे. स्वभावाने ते बाईंच्या अगदी उलट, भोळे आणि उतावळे. समोरच्याने ठामपणे काही सांगितलं की त्यांना ते पटलंच. गुडघ्यांनी दगा दिल्यावर लोकांचे जिने चढणं बंद झालं आणि बसल्या जागी हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी केली. काच स्वतः कापून आणली, सांधे स्वतः भरले, पाणी थंड ठेवायला जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बसवला. साधी गोड्या पाण्यातली मासोळी पाळायची तर कुणीही पाळतं. इथे मिठाचं प्रमाण सांभाळा, उडून गेलेलं पाणी रोज भरा, दिव्याची वेळ पाळा. फ्रिजवाल्यांनी हे सगळं तान्ह्या बाळाचं करावं तसं केलं. दुकानातून समुद्रातले सच्छिद्र खडक आणून आत रचले, दोन नारिंगी मासे सोडले आणि एक झिंगा सोडला. हा झिंगा दिवसभर मिशा हलवत या खडकावरून त्या खडकावर फिरे आणि काम काडीचं करत नसे. बाईंनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. संध्याकाळी कामावरून आल्या की चपला काढायच्या आधी त्या टाकीपाशी जात आणि विचारत, "काय मुकादम, आज कुणाला कामाला लावलं?"

तर या टाकीतल्या मधल्या खडकावर एके दिवशी काहीतरी उगवलं. आधी एक तपकिरी ठिपका, मग बाजूला आणखी काही. शर्टाच्या बटणाएवढी गोल चकती, मध्ये चिरेसारखं तोंड, कडेला बारीक झालर. दिवा लागला की ती चकती उमले आणि मासा जवळून गेला की मूठ मिटावी तशी मिटून घेई. हे प्रवाळाच्या नात्यातले जीव असतात, पॉलिप म्हणतात त्यांना, एवढं फ्रिजवाल्यांना माहीत होतं. पण पॉलिप म्हणजे काही एक प्राणी नव्हे. त्यात सज्जनही असतात आणि दरोडेखोरही. हे कुठले?

फ्रिजवाल्यांनी फोटो काढला आणि फोनवरच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हे काय उगवलंय? कुणी ओळखेल का?"

जेवण होईपर्यंत उत्तरांचा पाऊस पडला. बाईंनी फोन हातात घेऊन एकेक उत्तर मोठ्याने वाचलं. एकाने लिहिलं होतं, प्रवाळाची पिल्लं आहेत, नशीब काढलंत. दुसऱ्याने लिहिलं, शेवाळाच्या गाठी, काही नाही. तिसरा म्हणे, उजेड जास्त झालाय, दिवा कमी करा. आणि मग अवतरले समुद्रसम्राट. हे नाव त्या गृहस्थांनी स्वतःच स्वतःला बहाल केलं होतं. ग्रुप त्यांचा, नियम त्यांचे, शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी लिहिलं होतं, "उपद्रवी समुद्रफूल. हजार वेळा पाहिलंय. बघता बघता सगळी टाकी खाऊन टाकेल, मासेही जातील. खडक बाहेर काढा, उकळा, ब्रशने घासा. विषय संपला."

त्याखाली अंगठ्यांची रांग. आणि गंमत बघा, घटकाभरापूर्वी ज्यांनी पिल्लं आणि शेवाळ म्हणून ठोकून दिलं होतं, त्यांचेही अंगठे त्या रांगेत होते! आपण काय म्हणालो होतो याची आठवणसुद्धा कुणाला उरली नव्हती.

बाईंनी फोन ताटाशेजारी आपटला. "अहो, एका फोटोला एवढी उत्तरं, सगळी वेगळी, आणि एकाच्याही मनात शंका नाही? एकालाही लिहावंसं वाटलं नाही, की बाबा रे, मला माहीत नाही?"

"माहीत नसतं तर लिहिलं असतं का त्यांनी?" फ्रिजवाले म्हणाले.

"तेच तर! माहीत नाही म्हणूनच एवढं लिहिता येतं."

"तू प्रत्येक गोष्टीला फाटे फोडतेस. हजार वेळा पाहिलंय म्हणतोय तो माणूस."

"हजार वेळा काय पाहिलंय? आपला खडक पाहिलाय का? थांबा तुम्ही. समुद्री जीवांचं संग्रहालय आहे ना, तिथे फोन करून विचारते. तोवर हात लावायचा नाही."

"तुझं अर्धं आयुष्य थांबण्यात गेलं," फ्रिजवाले पुटपुटले, पण "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत बाईंनी संग्रहालयाला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, पॉलिपांचं ज्यांना कळतं त्या बाई समुद्रावर नमुने गोळा करायला गेल्यात, सोमवारी येतील. सोमवार काही फार लांब नव्हता. खडक काही पळून जाणार नव्हता. पण ग्रुपवरच्या रिकामटेकड्यांना दम कुठला! समुद्रसम्राटांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय फ्रिजवाले, उकळलात का? की घरून परवानगी मिळाली नाही?" त्यापुढे हसणाऱ्या तोंडांची ओळ. मागोमाग बाकीच्यांचीही तोंडं हसली. कुणीतरी तर लिहिलं, वहिनींना आधी अर्ज द्यावा लागतो वाटतं.

हा शब्द फ्रिजवाल्यांना लागला. सांगायला लाज वाटावी इतका लागला. त्यात मासे मरतील ही धास्ती होतीच. आणि त्यांच्या धंद्यात गरम पाण्याने न सुटणारी गोष्ट त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. ट्रेमधली बुरशी असो, जाळीवरचा तेलकट थर असो, नळीतला गाळ असो, ओता उकळतं पाणी की झालं. मग चार बटणं निघायला कितीसा वेळ लागणार? बायको कामावर गेल्यावर पटकन उरकून टाकू, ती येईपर्यंत खडक चकाचक, असा त्यांनी विचार केला. चहाचं मोठं पातेलं काढलं. वाऱ्याने गॅस विझायला लागला म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. पाण्याला उकळी फुटल्यावर खडक आत सोडला आणि त्या वाफेत तोंड घालून ते ब्रशने एकेक बटण घासत बसले.

बाईंच्या नणंदेचं शिवणाचं दुकान खालीच होतं. ती एक ब्लाउज दाखवायला वर आली तेव्हा भाऊ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून बसलेला, दातावर दात आपटतायत आणि श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजतेय. "तोंडात लोखंड चोखल्यासारखं लागतंय गं," एवढंच तो बोलू शकला. नणंद धीराची. तिने पदर नाकाशी धरून गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, भावाला ओढत जिन्यात आणलं आणि मग गाडीतळावर फोन केला.

"वहिनी, दादाने तो दगड उकळला. तू लगेच दवाखान्यात ये."

त्या क्षणी खिडकीसमोर कोण उभं होतं, त्याने काय विचारलं होतं, बाईंना पुढे कधी आठवलं नाही.

दवाखान्यात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. तिने फ्रिजवाल्यांना ऑक्सिजन लावला, छातीला तारा जोडल्या आणि बाईंना बाजूला घेतलं. "काय उकळत होते ते?"

"खडक."

डॉक्टरिणीने मान वर केली. "नुसता खडक?"

"त्याच्यावर काहीतरी उगवलं होतं. समुद्रातलं."

"काय उगवलं होतं? नीट ऐका. वाफेने घशाला इजा झाली असेल तर एक उपाय, जंतू असतील तर दुसरा. विष असेल तर गोष्टच वेगळी. काही विषं फुप्फुसावर थांबत नाहीत, थेट हृदयाला धरतात. मग मला त्यांना वरच्या विभागात हलवावं लागेल, सारखं कुणीतरी उशाशी लागेल. ते काय होतं, हे कळलं पाहिजे."

बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ते सांगता येत नाहीये. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "विचारून सांगते."

नणंदेने घरातून उचलून आणलेला नवऱ्याचा फोन आता त्यांच्या पर्समध्ये होता. जिन्यात उभं राहून त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "मी फ्रिजवाल्यांची बायको. तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्यांनी खडक उकळला. आता त्यांना श्वास घेता येत नाहीये. डॉक्टर विचारतायत की ते नक्की काय होतं. कृपा करून लगेच सांगा."

सगळ्यांनी वाचलं. वाचल्याच्या खुणा पटापट उमटल्या. आणि सगळे मूग गिळून बसले. परवा जेवणापेक्षा जास्त उत्तरं वाढणाऱ्या त्या ग्रुपवर आज एका अक्षराचा आवाज नाही! बाई बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने एकाने हात जोडलेलं चित्र टाकलं. दुसऱ्याने लिहिलं, लवकर बरे व्हा. पिल्लं म्हणणाऱ्याने लिहिलं, फोटोवरून नक्की सांगता येत नाही. शेवाळवाला तर ग्रुप सोडून गेला. माणूस पायऱ्या उतरून काढता पाय घेतो तसा, मागे वळूनसुद्धा न बघता.

आणि समुद्रसम्राट? बाईंनी वर सरकवून त्यांचा तो जुना निरोप शोधला. तिथे आता काही नव्हतं. हजार वेळा पाहिलेलं ते उपद्रवी समुद्रफूल त्यांनी पुसून टाकलं होतं.

  बाईंनी थेट सम्राटांना फोन लावला.

"हां, मॅडम, वाचलं मी," पलीकडून आवाज आला. चांगला भारदस्त आवाज. "फार वाईट झालं. काळजी घ्या."

"काळजी डॉक्टर घेतायत. तुम्ही फक्त सांगा, ते काय होतं?"

"आता असं आहे, फोटो जरा अस्पष्ट होता."

"परवा स्पष्ट होता?"

"परवा मी आपलं माझं मत दिलं. करायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी काही डॉक्टर नाही."

"हे परवा का नाही लिहिलं?"

"मॅडम, आवाज चढवू नका."

"चढवणार! तुम्ही हजार वेळा पाहिलंय म्हणालात. एकदा तरी पाहिलंय का? माझा माणूस आत तडफडतोय. मला एवढंच सांगा, तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? एका शब्दात."

 मग सम्राट म्हणाले, "मी आत्ता गाडी चालवतोय," आणि फोन बंद झाला.

खडक विकणाऱ्या दुकानदाराने तर कानावर हातच ठेवले. असा खडक आमच्याकडचा नसतोच, म्हणाला. दुकानाची पिशवी अजून बाईंच्या घरी दाराच्या खिळ्याला लटकत होती, पण पिशवीशी वाद घालायची ती वेळ नव्हती. बाईंनी पुन्हा संग्रहालयाला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या पलीकडून, रांगेतल्या माणसाच्या आवाजात ओरडल्या. "सोमवार नको! आत्ता! माणूस मरतोय!" त्या भल्या माणसाने नियम धाब्यावर बसवून समुद्रावर गेलेल्या बाईंचा नंबर देऊन टाकला.

फोन लागला तेव्हा पलीकडे वारा घोंघावत होता आणि बोटीचं इंजिन धडधडत होतं. संग्रहालयातल्या बाईंनी आधी इंजिन बंद करायला लावलं. सगळं ऐकून घेतलं. मध्येच तोडलं नाही. फोटो मागवून पाहिला आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "मला हे नक्की सांगता येणार नाही."

थांबाबाईंच्या डोळ्यांत इतका वेळ अडलेलं पाणी त्या वाक्याला आलं.

"पण थोडं विचारते," त्या बाई पुढे म्हणाल्या. "टाकीत अजून तसली आहेत का? कुणी जाऊन बघू शकेल? आत जायचं नाही, खिडक्या उघड्या ठेवून, नाकातोंडाला कापड बांधून, दारातूनच. पाण्याला हात लावायचा नाही."

नणंद रिक्षाने घरी गेली. दारात उभी राहून तिने दाराशेजारच्या टाकीवर टॉर्च मारला. इकडे बाईंनी एका कानाला बोटीवरचा फोन धरला, दुसऱ्या कानाला नणंदेचा, आणि प्रश्न-उत्तरं इकडून तिकडे पोचवली. मागच्या खडकावर तसलीच बटणं होती. ती सुटी सुटी उभी आहेत, की खाली सगळ्यांना मिळून सायीसारखा एक थर आहे? साय आहे. अंगात वाळूचे कण दिसतायत का? नणंद शिवणकाम करणारी, तिची नजर बारीक. हो, म्हणाली, साखर पेरल्यासारखे. देठ आहे का? आखूड, जाड.

 मग संग्रहालयातल्या बाई हळू, एकेक शब्द तोलून बोलल्या. "हे समुद्रफूल नाही, एवढं खात्रीने म्हणते. बटण पॉलिपांपैकी काहीतरी आहे. त्यांच्यात काही जाती निरुपद्रवी असतात, काहींत जहाल विष असतं. एरवी ते पाण्यात गप्प असतं, उकळलं आणि घासलं की वाफेबरोबर हवेत येतं. ही विषारी जात आहे का, ते नमुना बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पण डॉक्टरांना सांगा, विष आहे असंच धरून चाला. हृदयावर लक्ष ठेवा. मी चुकीची निघाले तर आनंदच आहे. आणि तुमच्या नणंदेला म्हणावं, आता घराबाहेर पड, आणि तिलाही तपासून घ्या."

बाई धावत आत गेल्या आणि डॉक्टरिणीला शब्दन् शब्द सांगितला. यातलं नक्की काय आणि अंदाज काय, हेही वेगवेगळं करून सांगितलं. फ्रिजवाल्यांना लगेच वरच्या विभागात हलवलं. त्या संध्याकाळी त्यांच्या हृदयाचे ठोके खरोखरच बिघडले. पण तेव्हा त्यांच्या उशाशी ते बघणारं माणूस उभं होतं. खाली ते साध्या खाटेवर पडलेले असते तर काय झालं असतं, हे डॉक्टरिणीने नंतर सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

फ्रिजवाले वाचले. फुप्फुसं मात्र पहिल्यासारखी राहिली नाहीत. घरी आले तेव्हा पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाताना मध्ये खुर्ची ठेवावी लागे. संग्रहालयाची माणसं मुखवटे घालून येऊन खडक घेऊन गेली. मासे आणि मुकादमही तिकडेच मुक्कामाला गेले. पुढे संग्रहालयातल्या बाईंनी नमुना तपासला, आणखी एका जाणकाराला दाखवला आणि मगच फोन करून सांगितलं की हो, विषारीच जात होती.

ही बातमी ग्रुपवर कुठून पोचली कोण जाणे. समुद्रसम्राटांनी सगळ्या सदस्यांसाठी सूचना टाकली, "मला पहिल्यापासून संशय होताच त्याप्रमाणे ते विषारी बटण पॉलिप निघाले. सदस्यांनी अनुभवी व्यक्तीला विचारल्याशिवाय प्रयोग करू नयेत." खाली अंगठ्यांची रांग.

बाईंनी ते वाचलं आणि त्यांना खरंच बसावं लागलं. पहिल्यापासून संशय! माणसाला मारायला निघालात ते निघालात, वर त्या मरणाचं श्रेयही तुमचंच? त्या नवऱ्याकडे वळल्या. "बघा. बघा तुमचे सम्राट. आत्ताच्या आत्ता बाहेर पडा या ग्रुपमधून."

फ्रिजवाले उशीला टेकून बसले होते. "जाऊ दे गं," ते म्हणाले. "त्यांनी काय मुद्दाम केलं का? चुकतं माणसाचं."

"चुकलं असतं तर चुकलो म्हणाले असते!"

"आपल्याला मदत करायला म्हणूनच सांगितलं ना त्यांनी."

"मदत?" बाईंचा आवाज खाली नणंदेच्या दुकानापर्यंत गेला असणार. "मी थांबा म्हणाले ती मदत नव्हती? मी इतकी वर्षं या घरात आहे, तर मला काही कळत नाही, आणि ज्याचं तोंडही पाहिलं नाही तो उकळ म्हणाला की तुम्ही पातेलं काढता! त्यांचा मला राग आहेच. पण त्यांच्याशी माझं लग्न नाही झालेलं."

 फ्रिजवाल्यांनी पांघरुणाची कड सारखी केली. बाई तरातरा स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे नुसत्याच उभ्या राहिल्या. हे वाक्य त्यांनी दवाखान्यात खाटेशेजारी बसून कितीदा मनात जुळवलं होतं. ते बोलून टाकल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

काही दिवसांनी, दुपारच्या वेळी, फ्रिजवाले फोन बघत होते आणि एकदम त्यांनी हाक मारली. आवाज बदललेला होता. बाई हात पुसत आल्या. ग्रुपवर कुणा नवख्याने फोटो टाकला होता. खडक, त्यावर तपकिरी गोल चकत्या, कडेला झालर. "हे काय आहे? काढायचं कसं?" खाली उत्तरं सुरूही झाली होती. एकाने लिहिलं होतं, शेवाळ. आणखी एकाने लिहिलं होतं, उकळत्या पाण्यात टाका, झटक्यात साफ. नवख्याने त्याला लिहिलं होतं, धन्यवाद, लगेच करतो.

"धन्यवाद!" बाई किंचाळल्या. "अरे, एवढं होऊनही?"

त्यांनी फोन ओढून घेतला आणि लिहिलं, "उकळू नका. हात लावू नका. हे काय आहे ते मला माहीत नाही, इथे कुणालाच माहीत नाही. माझे यजमान यानेच मरता मरता वाचले. संग्रहालयाला विचारा." पाठवलं. बघता बघता ती ओळ नाहीशी झाली आणि तिच्या जागी सम्राटांची सूचना आली, भीती पसरवणारे संदेश इथे चालणार नाहीत. त्यानंतर फोनने कळवलं की तुम्हाला ग्रुपमधून काढण्यात आलं आहे.

फोन फ्रिजवाल्यांचा होता. काढलं होतं ते फ्रिजवाल्यांना. त्यांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि त्यांचा चेहरा तांबडा होत गेला. एवढ्या वर्षांच्या संसारात बाईंनी त्यांना असं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"त्या माणसाचा नंबर दिसतोय का अजून?" त्यांनी विचारलं.

दिसत होता. त्यांनी स्वतःच लावला.

"हॅलो, तुम्ही आत्ता फोटो टाकलात ना," फ्रिजवाले म्हणाले. एवढं बोलतानाच त्यांना धाप लागली. "तो खडक... उकळू नका."

"कोण बोलतंय? काका, तिथे सगळे म्हणतायत उकळा. सम्राटसाहेबांनीही अंगठा दिलाय. तुम्ही कोण?"

"मी..." म्हणाले आणि त्यांना खोकला आला. एकदा सुरू झाला की थांबत नसे तो. खाटेची कड धरून ते वाकले, छातीतली ती शिट्टी वाजायला लागली. बाईंनी फोन घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिला नाही. तसाच तोंडाशी धरून ठेवला आणि खोकत राहिले. पलीकडचा माणूस दोनदा हॅलो हॅलो म्हणाला.

"काका," बऱ्याच वेळाने तो म्हणाला, आवाज पार उतरलेला, "काय झालंय तुम्हाला?"

"हेच," फ्रिजवाले म्हणाले. "हेच झालंय. तीच वाफ."

पलीकडे काहीतरी आपटलं. मग फोनपासून लांबून, घरात कुणालातरी ओरडून सांगितल्याचा आवाज आला. "आई! गॅस बंद कर! राहू दे ते, बाहेर ये आधी!"

खिडकी उघडल्याचा आवाज आला, धावणारी पावलं वाजली. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "कोणाचा फोन आहे रे?"

"ओळखीचं नाही गं कुणी. तू ये बाहेर."

थांबाबाई पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो नवऱ्याच्या ओठांना लावला, दुसऱ्या हाताने त्यांची पाठ चोळायला लागल्या, आणि "आता एक शब्द बोलू नका" म्हणाल्या, रागानेच म्हणाल्या.